एंडोस्कोपीत झोपेचं इंजेक्शन देतात तेव्हा बोटाला लावलेला चिमटा पुरेसा असतो का?

वडिलांची एंडोस्कोपी कोल्हापुरात राजारामपुरीत आहे, बोटाच्या चिमट्यावर विसंबायचं का, असं तुम्ही विचारलंय. नुसत्या चिमट्यावर नको. तो रक्तातला ऑक्सिजन दाखवतो, श्वास नाही. नाकाला ऑक्सिजन लावलेला असेल तर श्वास मंदावला तरी आकडा काही वेळ ९८ वरच राहू शकतो. म्हणून उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारा कॅप्नोग्राफ आहे का, ते विचारा. बीपी तर दर पाच मिनिटांनी बघायलाच हवं.

गुंगीचं औषध मिडाझोलाम जास्त झालं तर त्यावर उतारा फ्लुमाझेनिल, वेदनाशामक फेंटानिलवर नालोक्झोन. प्रोपोफॉल या झोपेच्या औषधावर असा उतारा नाही. त्याचा अंमल लवकर ओसरतो, पण तोवर बीपी आणि श्वास दोन्ही खाली जाऊ शकतात. त्यामुळे फक्त पेशंटकडे लक्ष देणारा वेगळा माणूस खोलीत हवा. मी तर यंत्राआधी त्याची चौकशी करेन.

आदल्या रात्री उशिरा तांबडा-पांढरा रस्सा नको, जड जेवणानंतर किमान ८ तास जावे लागतात. दुधाचा चहा पाण्यात मोजू नका, त्यालाही ६ तास. वडील जोरात घोरत असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा. आणि एंडोस्कोपीनंतर २४ तास गाडीची किल्ली तुमच्याकडेच ठेवा, कितीही रागावले तरी.