व्हायोला द गाम्बा वाजवून पोट भरतं का?

चेलो विकून गाम्बा (चेलोसारखंच पायांत धरून गजानं वाजवायचं जुनं युरोपीय तंतुवाद्य) घ्यावी का आणि युरोपात त्यावर निभाव लागेल का, असं तुम्ही विचारलंय. चेलो विकू नका. मी नेदरलँड्समध्ये गाम्बाच वाजवते, तरी एखाद्या महिन्याचं घरभाडं अजूनही चेलोवर निघतं.

आमची सुगी ईस्टरच्या आधी. तेव्हा इथे गावोगावी बाखचं 'मॅथ्यू पॅशन', म्हणजे ख्रिस्ताच्या क्रूसावरच्या मृत्यूची गायन-वादनातली दीर्घ कथा, होतं. नार्डेनच्या चर्चमध्ये तर 1922 पासून. त्यात गाम्बाला काम अगदी मोजकं, आणि खरी परीक्षा उत्तरार्धातल्या 'कोम, झ्यूसेस क्रॉइत्स' या आरियात (एकट्या गायकाच्या गाण्यात). तोवर बहुतेक वेळ गारठलेल्या चर्चमध्ये गप्प बसायचं. तातीच्या (आतड्याच्या) तारा दमट हवेनं सुरातून ढळत असतात, बोटं आखडलेली असतात, आणि मग एकदम ते तुटक, उड्या घेणारे कॉर्ड (अनेक तारांवरचे एकत्रित सूर) स्वच्छ काढायचे. ज्याला हे भरवशानं जमतं, त्याला पुढच्या वर्षी परत बोलावतात. प्रतिभेचं नंतर बघतात.

उरलेलं वर्ष शिकवण्या, कंटिन्युओची (खालच्या सुरांचा आधार देणारी) साथ आणि स्वतः उभे केलेले कार्यक्रम. इथे थोडं डोकं चालवावं लागतं. मारँ मारे या फ्रेंच गाम्बावादकाच्या 1725 च्या संग्रहात मूत्राशयातला खडा काढण्याच्या शस्त्रक्रियेवर एक रचना आहे, तीही भूल नसलेल्या काळातल्या! रुग्ण टेबल बघून थरथरतो, हातपाय बांधले जातात, चीर पडते, असं सुरांसोबत लिहिलेलंच आहे. नेहमीच्या आयोजकांना ते विचित्र वाटलं. मी मूत्ररोगतज्ज्ञांच्या परिषदेला पत्र पाठवलं. 'येथे खडा काढतात' हे वाचल्यावर सगळं सभागृह हसलं, आणि तिथूनच आणखी दोन आमंत्रणं आली.

शिक्षणासाठी हेगचं रॉयल कॉन्झर्व्हेटरी किंवा स्वित्झर्लंडमधल्या बाझेलची स्कोला कान्टोरुम (स्थापना 1933) बघा. पण आधी हात तपासा. गाम्बाचा गज सारंगीसारखा तळवा वर करून खालून धरतात, त्यामुळे चेलोवाल्यांचा उजवा हात बरेच दिवस रुसतो. पुण्यात कुणी सारंगीवाले ओळखीचे असतील तर त्यांच्यासमोर तासभर बसाच.

सध्या तुमच्याच चेलोला तातीच्या तारा लावा, 440 हर्ट्झचा 'ला' हा सूर जुन्या संगीताच्या 415 वर उतरवा आणि मिळेल त्या हार्पसिकॉर्डवाल्याबरोबर (पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य) वर्षभर नुसता बास वाजवा. साथीचा कंटाळा आला नाही, तर मग गाम्बा आधी भाड्यानं घ्या.