कथेसाठी थंड प्रदेशातलं काल्पनिक जंगल रचायचं आहे, सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की कुमारांसाठीच्या कथेत समशीतोष्ण जंगल हवंय. पाइन, लांडगे आणि बर्फ एवढं ठरलंय, पुढचं सुचत नाही. मी म्हणेन, प्राणी सध्या बाजूला ठेवा. आधी एक डोंगर घ्या आणि त्याची उन्हाची बाजू कुठली, सावलीची कुठली ते ठरवा.

हे मला उत्तराखंडातल्या कुमाऊंमध्ये कळलं. अल्मोड्याजवळ बिनसर अभयारण्य आहे, जेमतेम ४७ चौरस किलोमीटरचं. तिथे एकाच सोंडेच्या दोन अंगांना दोन वेगळी जंगलं लागतात. उन्हाच्या, म्हणजे दक्षिण उतारावर चीड, तुमचा पाइन. उंच, विरळ, खाली वाळक्या सुयांचा थर. त्याला तिकडे पिरूल म्हणतात. त्यावरून पाय सटकतो आणि उन्हाळ्यात तोच आधी पेटतो. खिंड ओलांडून उत्तरेला वळलं की अंगावर गारवा येतो. इथे बांज, तिथला ओक, बारमाही हिरवा. पान वरून गर्द आणि खालून पांढुरकं, त्यामुळे वारा सुटला की अख्खा उतार क्षणभर रुपेरी होतो. खोडांवर शेवाळ, नेचे आणि चक्क दगडफूल! आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल अशाच झाडांवरून गोळा होऊन बाजारात येतं. मी ते पहिल्यांदा खोडावर बघितलं तेव्हा नख लावून काढलं आणि वास घेत उभा राहिलो.

प्राणी झाडांमागोमाग येतात. बांजाची फळं पिकली की काळं अस्वल वर चढतं, फांद्या मोडून आपल्याकडे ओढतं, आणि मागे मोठ्या घरट्यासारखा ढीग उरतो. कथेत अस्वल आणण्याआधी हा ढीग दाखवा. भेकर घ्या, तेच आपल्या सह्याद्रीतलं. संध्याकाळी कुत्र्यासारखं भुंकतं. लांडगा युरोपातल्या जंगलात शोभेल, हिमालयातल्या या उतारांवर मात्र बिबट्याच हवा.

ऋतू सांगायला महिन्यांची नावं नकोत. बुरांश, म्हणजे तिथला ऱ्होडोडेंड्रॉन, लालभडक फुलला की हिवाळा सरला. मग एक कोकीळकुळातला पक्षी चार सुरांत ओरडू लागतो. कुमाऊंतले लोक ती हाक ‘काफल पाको’ अशी ऐकतात, म्हणजे काफलाची फळं पिकली.

शेवटी पाणी. बांजाखालची भुसभुशीत माती पाऊस धरून ठेवते आणि तो खाली झिरपत राहतो. त्या झऱ्यांवर दगडांनी बांधलेल्या छोट्या कुंडांना नौला म्हणतात. कथेत गाव असेल तर ते उन्हाच्या अंगाला वसवा, सावलीत थंडीचं दव दुपारपर्यंत गोठलेलंच असतं. नौला मात्र पलीकडे, बांजात ठेवा. मग पोरांना रोज पाण्यासाठी ती खिंड ओलांडावीच लागेल.