अपॉस्ट्रॉफीचा घोळ

प्रश्न : इंग्रजीत ‘इट्स’ लिहिताना अपॉस्ट्रॉफी कधी द्यायची? ‘राम्स बुक’मध्ये ती मालकी दाखवते, मग इथे का नाही?

उत्तर : तुमचा तर्क बरोबर आहे, अडचण इंग्रजीचीच आहे. नामाला मालकीसाठी अपॉस्ट्रॉफी लागते, पण हिज, हर्स, अवर्स, देअर्स या सर्वनामांना लागत नाही. ‘इट्स’ त्यांच्याच पंगतीतले. त्यात अपॉस्ट्रॉफी दिसली, की ती गाळलेल्या अक्षराची खूण समजा : ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’. म्हणून वाक्यात ‘इट इज’ घालून मोठ्याने वाचा. ‘कुत्र्याने इट इज शेपटी हलवली’ जमत नाही ना? मग अपॉस्ट्रॉफी काढा. (सतराव्या-अठराव्या शतकांत मालकीच्या ‘इट्स’लाही ती सर्रास दिली जाई, तेव्हा फार ओशाळू नका.) स्पेलचेकवर विसंबू नका. दोन्ही शब्द खरे असल्याने लाल रेघ उमटेलच असे नाही.

प्रश्न : ‘डिस्कस अबाउट’ चूक का?

उत्तर : आपण ‘विषयी चर्चा’ करतो, ते ‘विषयी’ इंग्रजीत घुसते. ‘डिस्कस’ थेट कर्म घेते : ‘डिस्कस द बजेट’. नाम वापरले तर मात्र ‘डिस्कशन अबाउट’ चालते.

प्रश्न : ‘डेफिनेटली’चे स्पेलिंग नेहमी चुकते.

उत्तर : मधे ‘फायनाइट’ हा शब्द अख्खा बसवा, पुढे एल-वाय. त्यात ए कुठेच नाही.