'क्वीन'च्या पहिल्या दोन अल्बमच्या आवाजात इतका फरक का?

'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडचा पहिला अल्बम जुलै १९७३ मध्ये आला आणि दुसरा मार्च १९७४ मध्ये. अवघ्या आठ महिन्यांत या बँडचा आवाज इतका कसा पालटला, असे आपण विचारले आहे. माझ्या मते हे आठ महिनेच फसवे आहेत, कारण पहिल्या अल्बमचे ध्वनिमुद्रण १९७२ मध्येच उरकले होते आणि तयार टेप बराच काळ रेकॉर्ड कंपनीची वाट पाहत पडून राहिली होती.

त्याआधी, १९७१ मध्ये, लंडनच्या वेम्बली भागातील 'डी लेन ली' या नव्या स्टुडिओला आपली यंत्रणा तपासण्यासाठी मोठ्या आवाजात वाजवणारा बँड हवा होता. त्या मोबदल्यात 'क्वीन'ला पाच गाण्यांचा डेमो (नमुन्याचे ध्वनिमुद्रण) फुकटात करता आला. पुढे लंडनच्याच सोहो भागातील 'ट्रायडंट' या स्टुडिओशी करार झाला खरा, पण पहिल्या अल्बमसाठी तेथे पैसे मोजणारे कलाकार गेल्यावर जे तास रिकामे उरत तेवढेच यांच्या वाट्याला येत, आणि ते बहुधा रात्रीचे असत. शिवाय 'ट्रायडंट'मधील ड्रमचा आवाज कोरडा, दबलेला येई. खोलीत घुमणारा ड्रम हवा असलेल्या या मंडळींना तो कधीच रुचला नाही. 'द नाइट कम्स डाउन' हे गाणे तर शेवटी 'डी लेन ली'च्या डेमोमधूनच अल्बमवर घेतले गेले. अल्बमवरचे त्याआधीचे 'लायर' हे गाणे संपून ते सुरू होते तेव्हा ड्रमकडे लक्ष द्या. माझे म्हणणे कानांनाच पटेल.

दुसऱ्या अल्बमसाठी ऑगस्ट १९७३ मध्ये त्याच 'ट्रायडंट'मध्ये हक्काची वेळ मिळाली आणि निर्माता रॉय थॉमस बेकर यांच्या जोडीने बँडने हात मोकळे सोडले. 'ओगर बॅटल'च्या आरंभी गाण्याचा शेवट उलटा वाजवलेला आहे, तर 'द मार्च ऑफ द ब्लॅक क्वीन'मध्ये आवाजांचे थरावर थर चढवलेले आहेत. हे उसन्या तासांत होणारे काम नव्हते.

२०२४ मध्ये पहिला अल्बम नव्याने मिक्स होऊन आला आणि त्यात ड्रमचा आवाज बँडच्या मनासारखा करून घेण्यात आला. तरीही आपण आधी जुनी प्रतच ऐकावी, कारण आपण विचारलेला फरक तिच्यातच आहे.