अर्थप्रश्न : विक्री जवळजवळ तिप्पट झाली, मग नफा कुठे आहे?

प्रश्न : ताई, मी नाशिकला शाळेत गणित शिकवायचो. आता बरीच वर्षं ब्रॅम्प्टनला मुलाकडे असतो. मुलाच्या मित्रांचं ऐकून मी हाय टाइड या कंपनीचे शेअर घेतले. कॅना कबाना नावाची गांजाची दुकानं तिचीच. अहवाल मी स्वतः वाचला. २०२१ साली विक्री १८ कोटी डॉलर होती, ती २०२४ मध्ये ५२ कोटींवर गेली. पण या चारही वर्षांत शेवटच्या ओळीत तोटाच दिसतो. विक्री जवळजवळ तिप्पट होऊनही हे असं का? शेअर ठेवावेत की विकावेत?

उत्तर : काका, तुम्ही अहवाल स्वतः वाचलात याचा मला मनापासून आनंद झाला. शेअर घेणारे बहुतेक लोक पहिल्या पानावरचा विक्रीचा आकडा पाहून थांबतात. गणिताचे शिक्षक आहात, म्हणून आकडेमोडच तुमच्यापुढे ठेवते.

विक्रीतून मालाची खरेदी वजा केली की उरतो तो ढोबळ नफा. भाडं, पगार, व्याज सगळं त्यातूनच भागवायचं असतं. २०२१ मध्ये या कंपनीला १०० डॉलरच्या विक्रीवर साधारण ३५ डॉलर ढोबळ नफा मिळत होता. २०२४ मध्ये तो २७च्या आसपास आला. १८ कोटींचे ३५ टक्के म्हणजे ६ कोटी ३० लाख आणि ५२ कोटींचे २७ टक्के म्हणजे १४ कोटी. तेव्हा विक्री २.९ पट झाली असली तरी हाती येणारे पैसे वाढले २.२ पट. दुकानं वाढली तसे भाडेकरार, नोकरवर्ग आणि कर्जाचं व्याजही वाढलं. तुम्हाला हवं ते उत्तर अर्धंअधिक या वजाबाकीतच आहे.

नफ्याचं प्रमाण का घटलं, ते ऑन्टॅरिओतल्या या धंद्याची घडण पाहिली की कळतं. मी इथे छोट्या दुकानदारांचे हिशेब पाहते, त्यांतले काही याच धंद्यात आहेत. १७ ऑक्टोबर २०१८ला कॅनडात गांजा कायदेशीर झाला. आपल्या प्रांतात खासगी दुकानांसाठी सरकारने सोडत काढली. २५ जागांसाठी सुमारे १७ हजार अर्ज आले आणि पहिली दुकानं १ एप्रिल २०१९ला उघडली. त्या वेळी ज्याला परवाना लागला त्याच्या दारात रांगा होत्या. २०२० मध्ये सोडत बंद करून परवाने सर्वांना खुले झाले आणि पुढे दुकानांची संख्या दीड हजाराच्या वर गेली. टोरंटोच्या क्वीन स्ट्रीट वेस्टवर चालत गेलात तर एकाच टप्प्यात ओळीने दुकानं दिसायची. शेजारी तीन दुकानं उघडली की गिऱ्हाईक चौघांत वाटलं जातं, भाडं मात्र प्रत्येकाला पूर्ण द्यावं लागतं.

बरं, या दुकानदाराने वेगळं काही करायचं म्हटलं तर ते काय करणार? माल ओसीएस या सरकारी घाऊक विक्रेत्याकडूनच घ्यायचा, एक दुकान असो की शंभर, खरेदीचा दर सगळ्यांना सारखाच. जाहिरातीवर केंद्रीय कायद्याचे कडक निर्बंध. आतला माल रस्त्यावरून दिसता कामा नये, म्हणून काचा झाकलेल्या. शाळेपासून १५० मीटरच्या आत दुकान नाही. किराणा दुकानदार निदान वाण बदलतो, उधारी देतो, दारात पाटी लावतो. इथे हातात राहते फक्त विक्रीची किंमत. मग ती खाली येते.

हाय टाइडने हीच गोष्ट ओळखून धोरण आखलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांनी कबाना क्लब हा सवलतीचा क्लब सुरू केला, वर्षभराने वर्गणी भरून घ्यायचं एलिट सदस्यत्व आणलं. कॉस्टको जसं चालतं, तसंच हे आहे : मालावर नफा कमी घ्यायचा, गिऱ्हाईक बांधून ठेवायचं. नफ्याचं प्रमाण त्यांनी जाणूनबुजून खाली आणलं आणि त्या जोरावर जुन्या दुकानांचीच विक्री वाढवली. माझ्या मते हा निर्णय बरोबर होता. पुरावा हवा तर इतरांकडे पाहा. फायर अँड फ्लॉवर या एडमंटनच्या कंपनीत कूश-तार्दसारख्या मोठ्या किरकोळ साखळीने पैसे घातले होते, तरी जून २०२३ मध्ये तिला कर्ज देणाऱ्यांपासून संरक्षण मागत न्यायालयात जावं लागलं. टोकियो स्मोकवर तीच वेळ ऑगस्ट २०२४ मध्ये आली. दोन्ही दुकानं तुम्ही इथे पाहिली असतील, सजावट हाय टाइडपेक्षा कितीतरी देखणी होती.

आता तोट्याबद्दल. सगळा तोटा गल्ल्यातून बाहेर गेलेला नाही, आणि हा फरक तुम्ही नीट समजून घ्यावा असं मला वाटतं. २०२१च्या तेजीत या कंपनीने अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या ऑनलाइन कंपन्या विकत घेतल्या. कुणी चिलीम-पाइप विकणारी, कुणी सीबीडी तेल (गांजाच्या झाडातला नशा न आणणारा घटक) विकणारी. सीबीडीची बाजारपेठ उतरली आणि त्या खरेदीची किंमत हिशेबवहीत कमी करावी लागली. २०२२चा सुमारे ७ कोटींचा आणि २०२३चा सुमारे ४ कोटींचा तोटा दिसतो, त्यात अशा कमी केलेल्या किमतीचा वाटा मोठा आहे. २०२४ मध्ये तोटा ४० लाखांच्या खाली आला, आणि दुकानांवरचा खर्च भागवून २ कोटींहून थोडी अधिक रोकड शिल्लक राहिली. या धंद्यात अशी रोकड उरणं दुर्मीळ आहे.

पण ‘कागदी तोटा’ म्हणून तो सोडूनही देऊ नका. त्या कंपन्या विकत घेताना हाय टाइडने बरीचशी किंमत स्वतःचे नवे शेअर देऊन चुकवली होती. म्हणजे तुमच्यासारख्या भागधारकाचा हिस्सा तेव्हाच पातळ झाला. पुढचा अहवाल येईल तेव्हा एकूण विक्रीच्या आधी शेअरची संख्या पाहा आणि वर्षाहून जुन्या दुकानांची विक्री वेगळी काढून पाहा.

वाढीला अजून जागा आहे का? आहे, पण मोजकी. ऑन्टॅरिओत एका मालकाला ७५ दुकानांची मर्यादा होती, ती १ जानेवारी २०२४पासून १५० झाली. क्वेबेकमध्ये विक्री सरकारी मंडळाकडेच आहे, तिथे खासगी गांजाच्या दुकानाला प्रवेश नाही. राहिलेली वाढ बरीचशी दुसऱ्याचं बंद पडलेलं दुकान घेऊनच व्हायची.

ठेवू की विकू, हे तुमची बाकीची पुंजी पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही. ही रक्कम बुडाली तर महिन्याच्या खर्चाला हात लागणार असेल, तर ती आजच कमी करा. लागणार नसेल तर थोडे शेअर ठेवायला माझी हरकत नाही. टिकून राहिलेल्यांत ही कंपनी मला सगळ्यात शिस्तीची वाटते. मुलाच्या मित्रांनाही शेअरसंख्येचा तक्ता जरूर दाखवा.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एच-१बी व्हिसावर आहोत. ग्रीन कार्डचा अर्ज चालू आहे. ओळखीचे एक जण परवाना असलेल्या गांजाच्या दुकानात भागीदारी देतायत. दुकान चांगलं चालतं. घ्यावी का?

उत्तर : नाही. इतकं स्पष्ट उत्तर मी या सदरात क्वचित देते.

न्यू जर्सीत प्रौढांसाठी विक्री एप्रिल २०२२ मध्ये सुरू झाली, राज्याच्या कायद्यात ते दुकान वैध आहे. स्थलांतराचा कायदा मात्र केंद्राचा, आणि केंद्राच्या लेखी हा अमली पदार्थांचा व्यापार. एप्रिल २०१९ मध्ये नागरिकत्व खात्याने लेखी सांगितलं, की राज्यात वैध असलेल्या गांजाच्या धंद्यातला सहभागही नागरिकत्वाच्या अर्जाला आड येऊ शकतो. ग्रीन कार्डच्या टप्प्यावर धोका याहून मोठा आहे. इतक्या वर्षांची वाट पाहणं एका भागीदारीसाठी पणाला लावू नका. काही सही केली असेल तर आधी स्थलांतराच्या वकिलाला गाठा.

आणि ‘चांगलं चालतं’ म्हणजे काय, तेही पाहू. १९८१ मध्ये मिनिआपोलिसच्या एका अमली पदार्थ विक्रेत्याला करन्यायालयाने धंद्याच्या खर्चाची वजावट दिली. त्यावर चिडून संसदेने १९८२ मध्ये करकायद्यात कलम २८०ई घातलं. केंद्राच्या नियंत्रित अमली पदार्थांच्या यादीतल्या अनुसूची १ आणि २ मधल्या पदार्थांचा व्यापार असेल तर मालाच्या किमतीपलीकडे कसलीही वजावट नाही. समजा विक्री १०० डॉलर, माल ६० चा, भाडं-पगार ३५. खरा नफा ५. पण २१ टक्के केंद्रीय कर लागतो तो ४० वर, म्हणजे ८ डॉलर ४० सेंट. नफा असलेलं दुकान कर भरून ३ डॉलर ४० सेंट तोट्यात जातं. गांजा तिसऱ्या अनुसूचीत नेण्याचा प्रस्ताव केंद्राने मे २०२४ मध्ये मांडला. ज्या मालावर अनुसूची बदलाचा अंतिम नियम लागू झालेला नाही, त्याला हेच गणित लागू.

कॅलिफोर्नियाची मेडमेन २०१८ मध्ये शेअर बाजारात आली तेव्हा तिचं मूल्य दीड अब्ज डॉलरच्या वर होतं. न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर तिचं दुकान होतं. एप्रिल २०२४ मध्ये तिने दिवाळखोरी पत्करली, तेव्हा देणी ४० कोटी कॅनेडियन डॉलरच्या वर होती. भपकेदार विस्तार आणि महागडं कर्ज तिला नडलं, आणि हा करही डोक्यावर होताच.

प्रश्न : मिसिसागात आमच्या मालकीचा एक दुकानगाळा आहे. गांजाचं दुकान चालवणारी एक कंपनी बाजारभावापेक्षा जास्त भाडं देते म्हणते. यजमान तयार आहेत, मी साशंक आहे. काय करू?

उत्तर : तुमची शंका योग्य आहे, पण म्हणून नकार द्यायलाच हवा असं नाही. मिसिसागाने एप्रिल २०२३ मध्ये या दुकानांना परवानगी दिली, व्यवहार वैध आहे. गाळ्यावर कर्ज असेल तर बँकेच्या अटी आणि विम्याचा करार दोन्ही आधी काढून वाचा. अशा भाडेकरूला दोन्हीकडे मनाई असू शकते.

जास्त भाड्याच्या आकड्यापेक्षा सही कोण करतंय हे बघा. पुष्कळदा त्या एका दुकानापुरती काढलेली, हातात काहीच मालमत्ता नसलेली कंपनी करारावर असते. आणि मोठी साखळी असली तरी निश्चिंत राहू नका. न्यायालयाचं संरक्षण मिळालेली कंपनी ठरावीक मुदतीची नोटीस देऊन नको असलेला भाडेकरार सोडू शकते. टोकियो स्मोकने २०२४ मध्ये अनेक दुकानं अशीच बंद केली, तेव्हा गाळेमालकांचे लांब मुदतीचे करार कागदावरच राहिले. म्हणून मूळ कंपनीची किंवा मालकाची वैयक्तिक हमी घ्या, जमेल तितकी आगाऊ अनामत मागा, आणि आतल्या बदलांचा खर्च त्यांच्याच खिशातून होऊ द्या. त्यांनी हमी नाकारली तर गाळा थोड्या कमी भाड्याने दंतवैद्याला किंवा पोळी-भाजी केंद्राला द्या.