पोरगा आयटीआय म्हणतोय आणि बाबांनी बोलणं टाकलंय

नमस्कार दादा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलाला दहावीला ५८ टक्के, त्याला आयटीआयला फ्रीज-एसीचा ट्रेड घ्यायचाय, तुम्हाला त्याला कॉमर्सला घालायचंय, "भांडुपमध्ये आणि गावाला काय तोंड दाखवू" असं लिहिलंय, आणि मग मधेच एका ओळीत की बारा दिवस त्याच्याशी बोललो नाही. टक्क्यांचं मला काही वाटलं नाही, त्या बारा दिवसांचं वाटलं. दोन खोल्यांचं घर, सोळा वर्षांचं पोर, समोर ताट येतंय पण बाप बोलत नाही. हे आधी थांबवा, अॅडमिशनचं नंतर बघू.

तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय की पोराने शेजारच्या काकांचा फ्रीज उघडला. पण त्याच्या आधी त्याने काय केलं तेही तुम्हीच लिहिलंय. कान लावून ऐकलं, दर दोन-तीन मिनिटांनी घूं करून टक् आवाज येतोय म्हणाला, म्हणजे कॉम्प्रेसर उचलत नाहीये, त्याला चालू करणारा रिले बघूया, आणि बिघाड रिलेचाच निघाला. दादा, हे असं क्रमाने शोधणं शिकवून लवकर येत नाही. काळजी करायची तर वेगळ्या गोष्टीची करा. नव्या घरगुती फ्रीजमध्ये बहुतेक आर-६००ए गॅस असतो, तो पेट घेतो, एसीतला आर-३२ पण पेटू शकतो. दुकानात उस्तादाच्या हाताखाली शिकलेल्या कितीतरी पोरांना हे कोणी सांगितलेलंच नसतं. म्हणूनच त्याला नीट शिकायला पाठवा.

"आयटीआय म्हणजे शिक्षण संपलं" हे तुम्हाला कोणी सांगितलं माहीत नाही, पण साफ चूक आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पास झाला की पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्याही थेट दुसऱ्या वर्षाला. शिकवायची आवड लागली तर इन्स्ट्रक्टरचा कोर्स आहे, तो आपल्या चुनाभट्टीला होतो. आणि १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यामुळे कंपनीत शिकताना विद्यावेतनही मिळतं. नावडीचं कॉमर्स पाच वर्षं ओढत न्यायचं आणि मग नोकरीसाठी वणवण करायची, असली पोरं माझ्यासमोर दर आठवड्याला येऊन बसतात.

कॉमर्सला जागा मिळेलच, त्यावर जास्त बोलत नाही.

आता आयटीआयचंही खरं सांगते, सगळ्या चांगल्या नसतात. काही ठिकाणी मशीन धूळ खात पडलेलं, निदेशकाची, म्हणजे शिकवणाऱ्या इन्स्ट्रक्टरची, जागा रिकामी, आणि पोरं वहीत आकृत्या काढतायत. आपण पालक इंग्लिश मीडियमच्या शाळेत फीवरून भांडतो, पण आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये कोणी डोकावत नाही, मग ते सुधारणार कसं? तुम्ही जा. मुलुंड तुमच्या जवळ आहे, मुलाला बरोबर घ्या. या ट्रेडला निदेशक आहे का, गॅस चार्जिंग मुलं स्वतःच्या हाताने करतात का, मागच्या वर्षीची पोरं अप्रेंटिसला कुठे लागली, हे तोंडावर विचारा. खाजगी असेल तर केंद्र सरकारच्या डीजीटीची मान्यता (पूर्वी जिला एनसीव्हीटीची म्हणायचे) त्याच ट्रेडला आहे ना, हे कागद बघूनच पैसे भरा. ऑनलाइन फॉर्ममधला पसंतीक्रम सायबर कॅफेवाल्यावर सोडू नका, घरी दोघांनी बसून ठरवा.

आणि आज रात्री जेवताना त्याला विचारा, काकांच्या फ्रीजचं नेमकं काय झालं होतं. तो सांगेल तोवर मधे बोलू नका.