कोऱ्या चौकटीसाठी जागलेल्या दोन रात्री

प्रश्न : माझं शिरोली एमआयडीसीत व्हीएमसी मशीनचं (कॉम्प्युटरच्या आज्ञेवर धातू कापणारं यंत्र) जॉबवर्क आहे. मुलगी अकरावी सायन्सला. दहावीला 91 टक्के होते, सहामाहीत गणितात 80 पैकी 38 पडले. कॉम्प्युटरवर पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत रात्र रात्र गोल आणि रेघा काढत बसते. एकदा तर दोन रात्री जागली आणि पडद्यावर नुसती कोरी चौकट! शेवटी मी तिच्यादेखत सगळा फोल्डर डिलीट केला. तिच्या वहीच्या पानांचे फोटो पाठवतोय, काय चाललंय ते तुम्हीच बघा. चित्रांची हौस असेल तर अॅनिमेशनच्या कोर्सला घालावं का? 15 हजार आगाऊ भरलेत. की सगळं बंद करून सीईटीच्या मागे लावावं? रेघा मारून कुणाचं पोट भरतं का? हल्ली ती जेवताना बोलत नाही.
– एक पालक, कोल्हापूर

उत्तर : मार्कांचं आपण बघू. पण 'तिच्यादेखत' हा तुमचा शब्द काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाहीये. सोळा वर्षांच्या पोरीने कितीतरी रात्री खपून जमवलेलं काम तुम्ही तिला समोर उभं करून पुसलंत. तुम्ही बसवलेला, चालू असलेला प्रोग्रॅम कुणी तुमच्यासमोर मशीनमधून उडवला असता तर? आज घरी गेल्यावर आधी रिसायकल बिन उघडा. फोल्डर सापडला तर परत आणा आणि तिची माफी मागा. नाही सापडला तरी मागा. ती जेवताना बोलत नाही, हे तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी एका ओळीत उरकलंय. मला सगळ्यात जास्त काळजी त्याच ओळीची वाटते.

पुरावा म्हणून पाठवलेली पानं मी दोनदा वाचली. पहिल्यावर काट्यांचं घड्याळ आहे. मिनिटकाटा मिनिटाला 6 अंश सरकतो. त्याचं टोक कुठे येईल हे तिने साइन-कोसाइनने काढलंय. पहिल्या खेपेला बाराचा काटा तीनवर गेला, कारण गणितात शून्य अंश उजवीकडे असतो. शेजारी लिहिलंय, '90 वजा'. त्याखाली दोन रेघा मारून, 'पायथनला रेडियन लागतात, अंश नाही'. रेडियन हे कोन मोजायचं दुसरं एकक. समासात आणखी एक टीप, 'पडद्यावर वाय खाली जाताना वाढतो!' वाय म्हणजे उभ्या दिशेचा आकडा. अकरावीच्या गणिताचा पहिलाच धडा आहे कोन आणि त्याचे मापन. तुम्ही झोपल्यावर ती तोच धडा वापरत होती.

आता ती कोरी चौकट. तिला घड्याळामागे फोटो लावायचा होता. टीके-इंटर हे पायथनमधलं खिडक्या आणि चित्रं काढायचं साधन. त्यात फोटो फंक्शनच्या, म्हणजे प्रोग्रॅमच्या एका छोट्या तुकड्याच्या, आत उघडला आणि त्याला धरून ठेवणारं नाव त्या फंक्शनपुरतंच असलं, तर फंक्शन संपताच पायथन तो फोटो मेमरीतून काढून टाकतो. कॅनव्हासवर, म्हणजे चित्र काढायच्या चौकटीत, जागा राहते, चित्र जातं. एररसुद्धा येत नाही, म्हणून चूक शोधायची कुठे हेच कळत नाही. इथे भलेभले अडकतात. तुमची मुलगी दोन रात्री अडकली आणि पुढच्या पानावर तिने कारण लिहिलंय, 'फोटो विंडोला बांधून ठेवला, आता राहतो'. तुम्ही नेमकी कोरी चौकट पाहिलीत, पुढचं पान पाहिलं नाहीत.

तुमचा मोठा गैरसमज इथेच आहे. पडद्यावर चित्र दिसलं की तुम्हाला वाटतं पोरीला चित्रकलेचा नाद लागलाय, म्हणजे अॅनिमेशन. अॅनिमेशनला हात लागतो, शरीररचना लागते, माणूस चालताना वजन कुठून कुठे जातं ते पाहणारा डोळा लागतो. त्या सगळ्या पानांत एकही स्केच नाही. आकडे आहेत, सूत्रं आहेत, आणि गोल काढायला तो ज्या चौकटीत बसतो तिचे दोन कोपरे द्यावे लागतात हे शोधून काढल्याचा आनंद आहे. ही प्रोग्रॅमिंगची आवड आहे आणि तिला आजवर एक रुपया लागलेला नाही. 15 हजार परत मागा. नाही मिळाले तर सोडून द्या, पण पुढचा हप्ता भरू नका.

रेघा मारून पोट भरतं का, म्हणता? 1962 मध्ये आयबीएममध्ये जॅक ब्रेसनहॅम यांनी तिरकी रेघ फक्त पूर्णांकांच्या बेरीज-वजाबाकीने कशी काढायची ते शोधलं. 1963 मध्ये आयव्हन सदरलँड यांनी एमआयटीत पडद्यावर लाइट पेनने आकृत्या काढण्यावर पीएचडी केली आणि 1988 मध्ये त्यांना कॉम्प्युटर क्षेत्रातला मानाचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. लांब कशाला जायचं, तुमच्या व्हीएमसीच्या पडद्यावर जॉब लावण्याआधी टूलचा मार्ग उमटतो ना? तोही कुणीतरी असाच रेघ-रेघ करून काढलेला आहे.

मार्क मात्र खरंच कमी आहेत, तिथे मी तिची बाजू घेणार नाही. सूत्र वापरता येणं वेगळं आणि पेपरात वेळेत पायऱ्या मांडणं वेगळं. त्याला रोजचा सराव लागतो, आणि जागरण बंद व्हायलाच हवं. शाळेच्या दिवसांत तास-दीड तास कॉम्प्युटर, रविवारी मोकळीक. हे तिच्याशी बसून ठरवा, कागदावर सही घेऊन नको. इंजिनिअरिंगसाठी एमएचटी-सीईटी आहेच, बीसीएलाही आता सीईटी आहे, आणि डिझाइनकडे वळावंसं वाटलं तर यूसीड ही डिझाइनची प्रवेशपरीक्षा बारावीच्या कोणत्याही शाखेतून देता येते. ही निवड आत्ता करायची नाहीये.

त्याआधी एक करा. शॉपमधला एखादा जुना, सोपा प्रोग्रॅम तिला द्या, नुसत्या जी 01 आणि जी 02 या मशीनच्या आज्ञांचा. जी 01 ची सरळ रेघ, जी 02 चा घड्याळाच्या दिशेने जाणारा चाप. फाइल वाचून तो मार्ग कॅनव्हासवर काढायला सांगा. तुमच्या मशीनचा वाय वर वाढतो, तिच्या पडद्याचा खाली. शिवाय टीके-इंटरचा चाप घड्याळाच्या उलट दिशेने मोजतो. पहिल्यांदा जॉब उलटा उमटण्याचीच शक्यता जास्त. तेव्हा शेजारी खुर्ची घेऊन बसा आणि खरा जॉब कसा दिसतो ते तिला हातात देऊन दाखवा.